शिक्कामोर्तब : फुकटच्या प्रमाणपत्राचा इतिहास

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वाचतो. मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले, उमेदवारीवर शिक्कामोर्तब झाले. शब्द इतका मराठी झाला आहे की तो कुठून आला याचा विचार कोणी करत नाही. 'सिक्का' म्हणजे ठसा, नाणे पाडण्याचा साचा. 'मुरत्तब शुद' म्हणजे रचून पूर्ण झाले. मराठेशाहीतली जुनी पत्रे पाहिलीत तर आरंभी मोठी मुद्रा आणि शेवटी 'मोर्तब सुद' किंवा मर्यादेचा छोटा शिक्का दिसतो. वरची मुद्रा सांगायची की हे पत्र अमक्याचे आहे. खालचा मोर्तब सांगायचा की पत्र इथे संपले; याच्याखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे असे शब्द सीमेवरून येता-जाताना मला रोज भेटतात. मराठीतली 'सही' अरबी 'सहीह'ची लेक, म्हणजे खरे, बिनचूक. आपले 'कुलूप' मूळचे अरबी 'कुफ्ल'. दख्खनच्या तोंडात अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते कायमचे मराठी झाले. संस्कृत 'शून्य'चे अरबीत 'सिफ्र' झाले, ते युरोपात गेले आणि तिथे त्याच शब्दातून 'सायफर' म्हणजे गुप्तलिपी तयार झाली. सही, शिक्का, कुलूप आणि सायफर. मोबाइलवर तुम्ही बँकेचे पान उघडता तेव्हा हे चारही शब्द पडद्यामागे कामाला लागलेले असतात. आजचा लेख त्या पडद्यामागच्या इतिहासाचा आहे.

जासुदाच्या हाती पत्र देणाऱ्या माणसाला तीन काळज्या असत. पत्र पोहोचेल त्याला ते माझेच आहे हे कसे पटेल? वाटेत कोणी त्यात फेरफार केला तर कसे कळेल? आणि वाटेत कोणी वाचले तर? इंटरनेटवरच्या प्रत्येक पानाला याच तीन काळज्या आहेत. त्यांच्यावरच्या उपायाचे आजचे नाव टीएलएस. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीच्या पुढे जो 'एस' लागतो, तो त्याच्यामुळे.

किल्ली कशी पोहोचवायची?

गुप्तलिपी फोडण्याचे शास्त्र आपल्याला माहीत असलेल्या लिखाणात प्रथम दिसते ते नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-किंदीकडे. कोणत्याही भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, काही कमी. गुप्त मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजा आणि भाषेच्या सवयीशी ताडून पाहा, ही त्याची युक्ती. त्यानंतर हजार वर्षे लिपी करणारे आणि लिपी फोडणारे यांची शर्यत चालू राहिली. पण एक अडचण कोणालाच सुटली नव्हती. कुलूप कितीही मजबूत करा, त्याची किल्ली समोरच्या माणसापर्यंत पोहोचवायची कशी? किल्ली नेणाराच पकडला गेला तर सगळे संपले.

१९७६ मध्ये अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीवर उत्तर प्रसिद्ध केले. दोन अनोळखी माणसे भर बाजारात, सगळ्यांच्या देखत बोलून, फक्त दोघांनाच ठाऊक असलेली किल्ली तयार करू शकतात, असे त्यांनी गणिताने दाखवले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची आरएसए पद्धत आली. आता प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असू शकत होती. एक जगजाहीर, एक खासगी. जाहीर किल्लीने बंद केलेले फक्त खासगी किल्लीने उघडते, आणि खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणीही तपासून पाहू शकतो.

तेवढ्याने भागले नाही. समजा कोणी मला एक जाहीर किल्ली दिली आणि म्हणाला, 'ही अमक्या बँकेची.' ती खरोखर बँकेचीच कशावरून? १९७८ मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात उपाय सुचवला. दोघांचाही विश्वास असलेल्या तिसऱ्याने एका कागदावर लिहावे की ही किल्ली या नावाची आहे, आणि खाली आपली सही करावी. त्या कागदाला त्याने नाव दिले सर्टिफिकेट. आज जगभर चालणारी पद्धत मुळात एवढीच आहे. नाव, किल्ली, मुदत आणि शिक्का.

नेटस्केपचे कुलूप

१९९४-९५ मध्ये इंटरनेटवर दुकाने मांडली जाऊ लागली. क्रेडिट कार्डाचा नंबर उघड्या तारेवरून पाठवायला लोक घाबरत होते, आणि ते रास्तच होते. त्या काळचा सर्वांत लोकप्रिय ब्राउझर नेटस्केप. त्या कंपनीत किप हिकमन यांनी एसएसएल नावाचा करारनामा लिहिला. पहिली आवृत्ती इतकी कच्ची होती की ती बाहेर आलीच नाही. दुसरी १९९५ मध्ये आली, तिच्यातही भोके निघाली. १९९६ मध्ये पॉल कोचर यांच्या मदतीने तिसरी आवृत्ती नव्याने रचली गेली.

या काळात नेटस्केपचे मुख्य शास्त्रज्ञ होते ताहेर एलगमाल. हे कैरोचे. अरबी लिपीत त्यांचे आडनाव 'अल-जमल' असे लिहितात. कैरोचे लोक 'ज'चा उच्चार 'ग' करतात म्हणून जगात ते एलगमाल झाले. स्टॅनफर्डला ते हेलमन यांचेच विद्यार्थी. १९८५ मध्ये त्यांनी मांडलेली सहीची पद्धत पुढे अमेरिकी सरकारच्या डिजिटल सहीच्या मानकाचा पाया ठरली. 'एसएसएलचे जनक' असे त्यांना म्हटले जाते. वर्गात मी मुलांना अल-किंदीबद्दल सांगते तेव्हा ती ऐकतात, पण 'होऊन गेलेल्या' माणसाबद्दल ऐकावे तसे ऐकतात. एलगमाल यांचे नाव सांगितले की त्यांचे डोळे आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जातात.

१९९९ मध्ये एसएसएलचे नाव बदलून टीएलएस झाले. तो आता एका कंपनीचा करारनामा राहिला नव्हता, सगळ्यांचा झाला होता. २०१८ मध्ये त्याची १.३ ही आवृत्ती आली. जुने नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही. बाजारात आजही 'एसएसएल सर्टिफिकेट' असेच मागतात.

शिक्क्याचा बाजार

करारनामा सगळ्यांचा झाला, शिक्का मात्र झाला नाही. ब्राउझर बनवणारे आपल्याबरोबर एक यादी देत: या या संस्थांच्या शिक्क्यावर विश्वास ठेवा. या यादीत ज्याचे नाव, त्याला प्रमाणपत्र विकण्याचा हक्क. १९९५ मध्ये अमेरिकेत व्हेरिसाइन ही कंपनी निघाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत मार्क शटलवर्थ नावाच्या तरुणाने थॉट ही कंपनी काढली. १९९९ च्या डिसेंबरमध्ये व्हेरिसाइनने थॉट विकत घेण्याचा सौदा केला, तो सुमारे ५७ कोटी ५० लाख डॉलरचा. शिक्का मारण्याच्या हक्काची ही किंमत! त्या पैशातून शटलवर्थ २००२ मध्ये अंतराळात फिरून आले, आणि २००४ मध्ये त्यांनीच उबुंटू ही सर्वांना मोफत मिळणारी लिनक्सची आवृत्ती सुरू केली. आज मोफत प्रमाणपत्रे वापरणारे असंख्य सर्व्हर उबुंटूवर चालतात. इतिहासाचे हे उलटे चक्र मला फार आवडते.

पण त्या काळात साध्या माणसाला हा बाजार परवडण्यासारखा नव्हता. पैसे तर द्यायचेच. शिवाय अर्ज, कागदपत्रे, फाइल कुठे ठेवायची याची माहिती, आणि मुदत संपली की पुन्हा तेच. म्हणून बँका आणि मोठी दुकाने कुलूप लावत. शाळा, वाचनालये, छोटी मासिके उघड्या दाराने राहत. मोफत देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून सीएसर्ट ही स्वयंसेवकांची चळवळ निघाली, पण मोठ्या ब्राउझरच्या यादीत तिला जागा मिळाली नाही. इस्रायलची स्टार्टकॉम मोफत प्रमाणपत्रे देई, मात्र ते रद्द करायचे झाले तर पैसे मागे. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचे मोठे भोक उघडकीस आले, जगभर प्रमाणपत्रे बदलायची वेळ आली, तेव्हा ही अट लोकांना टोचली.

दरम्यान उघड्या दाराचा धोका सगळ्यांना दिसला. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे छोटे साधन प्रसिद्ध केले. उपाहारगृहातल्या मोकळ्या वायफायवर बसून शेजारच्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका टिचकीने शिरता येते, हे त्यांनी दाखवून दिले. चोराला शिकवावे म्हणून त्यांनी हे केले नव्हते. मोठ्या कंपन्यांनी प्रत्येक पानाला कुलूप लावावे म्हणून केले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदांनी सांगितले की सरकारेही तारांना कान लावून बसली आहेत.

शिक्काच चोरीला गेला तर?

या पद्धतीत एक मूलभूत दुबळेपणा आहे. यादीत शंभरावर शिक्के, आणि यादीतली कोणतीही संस्था कोणत्याही नावावर शिक्का उठवू शकते. म्हणजे सगळ्या तटबंदीची ताकद सर्वांत कच्च्या बुरुजाएवढी.

२०११ मध्ये तो बुरुज ढासळला. नेदरलँडमधली डिजिनोटार ही संस्था हॅकरांनी फोडली आणि तिच्या नावाने ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यातले एक गुगलच्या नावाचे होते. इराणमधल्या सुमारे तीन लाख जोडण्यांची वाहतूक त्या खोट्या प्रमाणपत्रामागून गेली. पत्र जीमेललाच चालले आहे अशी त्या माणसांची खात्री. कुलूपही दिसत होते. आणि मधला कोणी सगळे वाचत होता. क्रोमला गुगलच्या खऱ्या किल्ल्या आधीपासून ठाऊक होत्या, म्हणून एका इराणी वापरकर्त्याला इशारा दिसला आणि बिंग फुटले. डिजिनोटार त्याच सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. राजकीय मतांसाठी तुरुंगात जावे लागते अशा देशात ईमेल वाचला जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

हे फक्त परदेशात घडते असे समजू नका. २०१४ च्या जुलैमध्ये भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या शिक्क्याने गुगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नेमलेल्या आपल्या नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. गुगलनेही भारतीय शिक्क्यावरचा आपला विश्वास ठरावीक भारतीय नावांपुरता मर्यादित केला.

या धक्क्यांतून एक चांगली गोष्ट निघाली. काढलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सर्वांना वाचता येईल अशा वहीत करायची. एकदा लिहिलेली ओळ खोडता येणार नाही अशी ही वही. तिचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०१८ पासून क्रोमने नव्या प्रमाणपत्रांना ही नोंद सक्तीची केली. आज माझ्या नावावर कोणी खोटे प्रमाणपत्र काढले तर ते मला वहीत शोधता येते.

जामीन राहणारा भेटला

२०१२ मध्ये दोन ठिकाणी एकच विचार चालला होता. मोझिलात जोश आस आणि एरिक रेस्कोर्ला, तर दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जे. ॲलेक्स हाल्डरमन. विचार साधा होता: प्रमाणपत्र मोफत द्यायचे, आणि माणसाचा हात न लागता यंत्राने द्यायचे. दोन्ही गट एकत्र आले. २०१३ च्या मे महिन्यात इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था नोंदवली गेली, आणि १८ नोव्हेंबर २०१४ रोजी तिच्या प्रकल्पाची घोषणा झाली. नाव 'लेट्स एन्क्रिप्ट'.

पहिले प्रमाणपत्र १४ सप्टेंबर २०१५ ला निघाले. पण नव्या संस्थेचा शिक्का कोण ओळखणार? ब्राउझरच्या यादीत नाव यायला वर्षे लागतात, आणि जुन्या मोबाइलमध्ये तर ते कधीच येत नाही. तेव्हा आयडेनट्रस्ट या यादीतल्या जुन्या संस्थेने नव्या शिक्क्यावर आपला शिक्का मारला. 'जामीन' हाही अरबीतून आलेला शब्द. इथे अगदी शोभतो. पतवाल्याने बिनपतवाल्यासाठी जामीन राहावे तसे झाले. डिसेंबर २०१५ पासून कोणालाही प्रमाणपत्र मिळू लागले.

यंत्र माणसाला ओळखणार कसे? त्यासाठी ॲक्मे नावाची पद्धत ठरली, २०१९ मध्ये ती अधिकृत मानक झाली. समजा घर तुमचेच आहे हे तलाठ्याला पटवायचे आहे. तो तुम्हाला एक खुणेची चिठ्ठी देतो आणि म्हणतो, 'ही आपल्या दारावर चिकटवा, मी येऊन पाहतो.' ज्याच्या हातात दार, त्यालाच चिठ्ठी चिकटवता येणार. लेट्स एन्क्रिप्टचे यंत्र तुमच्या सर्व्हरला एक खूण देते, ती ८० क्रमांकाच्या दारावर ठरलेल्या जागी ठेवायची. यंत्र येऊन पाहते, खूण जुळली की प्रमाणपत्र देते. वाटेत कोणी यंत्रालाच चकवू नये म्हणून २०२० पासून ते एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहते. वेबचे दार उघडे नसेल तर डीएनएसमध्ये नोंद करूनही मालकी सिद्ध करता येते.

मुदत ठेवली फक्त ९० दिवसांची. लोक चिडले, पण हेतू पक्का होता. किल्ली चोरीला गेली तरी नुकसान थोड्या दिवसांचे, आणि इतक्या वारंवार नूतनीकरण करायचे म्हटल्यावर कोणी ते हाताने करणार नाही, यंत्रावरच सोपवेल.

डब्यातले दुकान

या काळातच दुसरी एक क्रांती चालू होती. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांनी एकाच मापाचे ५८ लोखंडी डबे एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि जगाचा व्यापार बदलला. आपल्या न्हावाशेव्याला आज जे रंगीत डोंगर दिसतात ते त्याच डब्यांचे. २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर जगासमोर ठेवले. कल्पना तीच. कार्यक्रम, त्याला लागणारे सगळे सामान, सगळे एका डब्यात बंद करायचे. मग तो डबा कोणत्याही सर्व्हरवर उचलून ठेवा, तसाच चालतो.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो शब्दांमुळे. आमच्या भागातल्या बायका, म्हातारी माणसे जी दख्खनी बोलतात तिच्यातले शब्द, त्यांचे उर्दू आणि मराठी नातेवाईक, असा एक छोटा कोश आम्ही काही शिक्षकांनी इंटरनेटवर मांडायला घेतला. शाळेतल्या मुली आजीकडून शब्द आणतात आणि मोबाइलवरून भरतात. कोश बहिणीच्या मुलाने दोन डब्यांत बसवला, एकात कार्यक्रम, एकात शब्दांचा साठा. ज्याच्याकडून जागा भाड्याने घेतली, त्या विक्रेत्याने प्रमाणपत्राचे वेगळे वार्षिक पैसे सांगितले, जागेच्या भाड्याहून जास्त. प्रमाणपत्र नाही म्हणून प्रत्येक मोबाइलवर पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असे दिसू लागले. क्रोमने २०१८ च्या जुलैपासून ही सूचना सर्वच बिनकुलपाच्या पानांना लावली आहे.

आता विचार करा. पान उर्दू लिपीतले, त्यावर 'सुरक्षित नाही' अशी पाटी, आणि त्यात मुलीचे नाव आणि फोन नंबर भरायचा. एका मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारले, "मॅडम, हे नक्की काय आहे? कोणी पोलिसात तर नेणार नाही ना?" त्यांना मी हसून उत्तर देऊ शकले नाही. आमच्याकडे संशयाची किंमत जास्त मोजावी लागते. ज्याला कुलूप परवडत नाही त्याच्याकडेच लोक चोर म्हणून पाहतात, हा अनुभव फक्त इंटरनेटचा नाही.

भाच्याने मोफत प्रमाणपत्र बसवले. कसे, ते मी समजून घेतले, कारण इतरांना सांगता यावे. जुन्या वाड्याला देवडी असते तसा डब्यांच्या पुढे एक देवडीचा डबा ठेवायचा. ८० आणि ४४३ ही दोनच दारे बाहेर उघडी, ती देवडीची. आतले डबे आपापसात बोलतात, बाहेरून त्यांच्यापर्यंत थेट वाट नाही. टीएलएसची सगळी बोलणी देवडीवर होतात. आमच्या देवडीवर एन्जिनएक्स बसला, आणि प्रमाणपत्र आणून देण्याचे काम सर्टबॉट नावाच्या चौथ्या डब्याकडे गेले.

इथे कोंबडी आधी की अंडे आधी, असा पेच येतो. प्रमाणपत्राची फाइल नसेल तर एन्जिनएक्स सुरूच होत नाही. एन्जिनएक्स सुरू नसेल तर दारावर चिठ्ठी चिकटत नाही, आणि चिठ्ठी नाही तर प्रमाणपत्र नाही. त्यावर तोड अशी, की आधी स्वतःच सही केलेले एक तात्पुरते प्रमाणपत्र ठेवून देवडी उघडायची, खरे मिळाले की तात्पुरते काढायचे. दुसरी गोष्ट त्याने मला बजावली, "खाला, डबा फेकायचा असतो, आतलं सामान नाही." डबा नवा केला की त्याच्या आतले सगळे जाते. म्हणून प्रमाणपत्रे आणि किल्ल्या डब्याबाहेरच्या कायमच्या साठ्यात ठेवायच्या, ज्याला डॉकरच्या भाषेत व्हॉल्यूम म्हणतात. नाहीतर प्रत्येक वेळी डबा बदलला की नवे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि त्याच नावांसाठी सात दिवसांत पाचांहून अधिक मिळत नाहीत. सराव करायचा तर लेट्स एन्क्रिप्टने वेगळे सरावाचे दालन ठेवले आहे, तिथे मर्यादा सैल आहेत.

तिसरी गोष्ट, नूतनीकरण झाले तरी एन्जिनएक्स जुनेच प्रमाणपत्र डोक्यात धरून बसतो. त्याला फाइल पुन्हा वाचायला सांगावे लागते. चौथी, खासगी किल्ली डब्याच्या प्रतिमेत कधी घालायची नाही, कारण प्रतिमा हातोहात फिरतात. ज्यांना इतके जमवायचे नाही त्यांच्यासाठी कॅडी आणि ट्रेफिक असे देवडीवाले आहेत, ते प्रमाणपत्र स्वतःच मागतात आणि स्वतःच नवे करतात.

पाटी गेली. त्या वडिलांनी मुलीला शब्द भरू दिले. कोशात तिच्या आजीचे शब्द आहेत.

हिशोब

मोफत म्हणजे हलके, असे आपल्याकडे समजतात. हिशोब पाहा. २०१७ च्या जूनमध्ये लेट्स एन्क्रिप्ट सुमारे ४ कोटी ६० लाख संकेतस्थळांना सेवा देत होते, ११ पूर्णवेळ माणसांच्या बळावर. २७ फेब्रुवारी २०२० ला त्यांनी १०० कोटी प्रमाणपत्रांचा टप्पा ओलांडल्याचे सांगितले, तेव्हा संकेतस्थळे होती सुमारे १९ कोटी २० लाख आणि माणसे १३. वर्षाचा खर्च सुमारे ३३ लाख ५० हजार डॉलर. थॉटच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहा. त्या तीन वर्षांत जगात कुलूपबंद उघडल्या जाणाऱ्या पानांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले.

सगळे गोडच आहे असे नाही. २०२० मध्येच त्यांच्या तपासणीच्या कार्यक्रमात चूक सापडली आणि ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे बाधित निघाली. ३० सप्टेंबर २०२१ ला जामीनदाराचे जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले, तेव्हा जगभरातली कित्येक जुनी यंत्रे अडखळली. शिवाय फसवणारेही मोफत प्रमाणपत्र घेतात. कुलूप एवढेच सांगते की वाटेत कोणी वाचत नाही आणि दार त्याच नावाचे आहे. आत बसलेला माणूस प्रामाणिक आहे असे ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज जाईना, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्रच काढून टाकले.

आता मुदत आणखी आखडत आहे. ब्राउझरवाले आणि शिक्केवाले यांच्या मंडळाने २०२५ मध्ये ठरवले की २०२९ पासून कोणतेही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट ४५ दिवसांवर येणार आहे. मुदत संपत आल्याची ईमेल त्यांनी २०२५ च्या जूनपासून पाठवणे बंद केले. म्हणजे नूतनीकरण यंत्रावर सोपवा, आणि यंत्र काम करते आहे ना यावर लक्ष ठेवणारे दुसरे यंत्रही लावा. जगाची इतकी दारे एकाच अमेरिकी संस्थेच्या शिक्क्यावर उघडतात, ही काळजी खरी आहे. पण ॲक्मे सगळ्यांसाठी खुले मानक असल्यामुळे झीरोएसएसएल, गुगल असे दुसरे शिक्केवालेही त्याच भाषेत मोफत प्रमाणपत्र देतात. आपल्या देवडीवाल्याला दोन पत्ते देऊन ठेवावेत, एक बंद पडला तर दुसरा चालेल.

पीटर एकर्सली २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेले. जेमतेम चाळिशी ओलांडलेली होती. त्यांना मराठी येत नव्हती, दख्खनी तर त्यांच्या कानावरही आली नसेल. आमच्या कोशाला आलेली प्रमाणपत्रे मात्र त्यांच्या त्या विचारातूनच आली आहेत.

पूर्वी शिक्का ज्याच्या हाती असे त्याच्या हाती राज्य असे. रयतेने अर्ज करायचा आणि दरबाराने मोर्तब करायचे. आज ज्याचे नाव त्याला शिक्का मागता येतो, पैसे न देता, कोणाची ओळख न लावता, रात्री दोन वाजताही. वाचकांपैकी कोणाच्या वाचनालयाचे, मंडळाचे, शाळेचे पान अजून उघड्या दाराने चालत असेल, तर ते या महिन्यात बंद करून घ्या. त्यासाठी खर्च होईल तो एका दुपारचा.